फुगडीचा हात

२४ जून, मंगळवार

आज डावा हात घरी आणला. मिक्सर आणावा तसा, खोक्यातनं, थर्मोकोलसकट. जयपूर मिलिटरी स्टेशनच्या गेटवर संतरीनं विचारलं काय आहे, तर मंगेश म्हणाले, "मिसेसचा हात आहे." तो बिचारा खोकं उघडून बघावं की नको या विचारात तसाच उभा. आमच्या हवालदारसाहेबांना असले विनोद फार सुचतात आणि लाज मला वाटते.

स्कूटरवरनं पडून कोपराखालचा हात गेला, त्याला चार वर्षं झाली. त्यावर रडून झालंय, इथं पुन्हा नको. प्रताप नगरला एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर कृत्रिम हातांवर संशोधन चालतं. तिथली इंजिनिअर कीर्ती, वर्ध्याची पोरगी, तिला हात वापरून बघायला कुणीतरी तोंडाळ बाई पाहिजे होती. गप्प बाया सगळ्यालाच "छान आहे" म्हणतात म्हणे. माझं नाव तिला कुणी सुचवलं ते मंगेश अजून सांगत नाहीत.

उरलेल्या हाताचा एक स्नायू आवळला की बोटं मिटतात, दुसरा आवळला की उघडतात. ऐकायला सोपं. सकाळभर मी मिट म्हणत होते आणि तो उघडत होता. अगदी घरच्यासारखं वाटलं.

कीर्तीनं विचारलं, "ताई, या हातानं काय काय करायचंय तुम्हाला?" मी म्हटलं, भाकरी थापायची, वेणी घालायची, पिशवी धरायची. अजून? म्हटलं, बास.

खरं ते इथं लिहिते. मला फुगडी खेळायची आहे. श्रावणात मानसरोवरला इथल्या मराठी मंडळाची मंगळागौर असते. दरवर्षी मी तिथं हळदीकुंकवाच्या ताटापाशी बसते आणि बाकीच्या गरगर फिरतात. लग्नाआधी आख्ख्या गडहिंग्लजात फुगडीत माझ्यासमोर कुणी टिकत नव्हतं. पण छत्तीस वर्षांच्या बाईनं इंजिनिअरला सांगायची ही गोष्ट आहे का? हसतील.

२९ जून, रविवार

आत्या आल्या. आत्या म्हणजे सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. दोन महिने राहणार. मंगेश स्टेशनवरनं घेऊन आले तेव्हा हात टीव्हीपाशी होता.

"ह्ये काय गं?"

"हात आहे माझा."

"मग तिथं कशाला ठिवलाय?"

"चार्ज होतोय."

आत्यांनी मंगेशकडं बघितलं. मग पाय धुवायला गेल्या. दिवसभर त्या टीव्हीच्या बाजूला फिरकल्या नाहीत, त्यांची मालिका असूनसुद्धा. आणि आत्ता जेवणं झाल्यावर बघते, तर हातावर टॉवेल पांघरलेला, नीट दुमडून, मनगटापर्यंत. बघवत नसेल त्यांना. मला राग आला.

३ जुलै, गुरुवार

ग्लास धरला! पाण्यानं भरलेला! उचलला, प्यायले, खाली ठेवला. मंगेशनी सॅल्यूट ठोकला. मग मला चेव आला आणि अंडं धरायला गेले. ते फुटलं. दुसरं पण. तिसऱ्याला आत्या म्हणाल्या, "आता आमलेटच कर." मंगेश खो खो हसले.

एकच ताप आहे, घाम. जयपूरचा जुलै, पाऊस पडून पडून गेलेला, आणि उरलेला हात जिथं बसतो त्या खोबणीत नुसती पाणपोई. घाम आला की माझा इशारा हाताला पोचत नाही. मी मिट मिट म्हणते, तो आपला ढिम्म. वर सगळा हात खाली घसरतो ते वेगळंच. कीर्तीला फोन करून पंधरा मिनिटं ऐकवलं. ती खूश झाली! म्हणाली, "ताई, असंच सांगत जा ना." पगार घेऊन शिव्या खाणारी माणसं बघितली होती, पण खाऊन वर आभार मानणारी ही पहिलीच.

आत्या मात्र चहाचा कप मुद्दाम माझ्या उजव्या बाजूला ठेवतात. डाव्या हाताला त्यांचा पदरसुद्धा लागत नाही.

८ जुलै, मंगळवार

आज योकेची ओळख झाली. नेदरलँडची संशोधक, नाव योकेच, उंची दाराला टेकणारी. तिच्या आणि कीर्तीच्या प्रयोगशाळेची देवाणघेवाण ठरली आहे. तीन महिने ती इथं शिकणार-शिकवणार, मग तीन महिने कीर्ती तिकडं. दोघी एकमेकींच्या हातांची खोड काढत असतात. योके म्हणते तुमचा हात घसरतो. कीर्ती म्हणते तुमचा हात एवढा जड की बाई वाकडी चालेल, आणि किंमत ऐकून आडवी पडेल.

योकेनं दोन वस्तू आणल्या आहेत. एक सिलिकॉनचा मोजा, तो उरलेल्या हातावर चढवायचा आणि टोकाची खीळ खोबणीत टक्कन बसवायची, म्हणजे हात ओढला तरी निघत नाही. दुसरी म्हणजे दंडावर बांधायची पट्टी. कृत्रिम बोटांवर दाब आला की ती पट्टी दंडावर गुरगुरते. हलका दाब, हलकी गुरगुर. जास्त दाब, जास्त.

पट्टी बांधली. योके म्हणाली, डोळे मीट. मी मिटले. आणि डाव्या बाजूला, जिथं चार वर्षं काहीच नव्हतं, तिथनं मला कळलं की कुणीतरी माझं बोट धरलंय.

मी ढसाढसा रडले. योकेपण रडली. कीर्तीनं आधी मशीन बंद केलं, नोंद केली आणि मग रडली. इंजिनिअर ती.

घरी येऊन हे सगळं सांगितलं. मंगेशनी लगेच बोट धरून बघितलं, मला गुदगुल्या केल्या. आत्यांना म्हटलं, तुम्ही बघा की. "नगं," म्हणाल्या आणि गॅस बारीक करायला उठल्या. गॅस बंद होता.

१९ जुलै, शनिवार

काय सांगू आज काय झालं!

सिलिकॉनचा मोजा जयपूरच्या घामात टिकेना. योकेच्या देशात एवढा घाम कुणाला येतच नाही, त्यामुळं तिला हे माहीतच नव्हतं. आता इथं तिची स्वतःची ओढणी दिवसात दोनदा पिळायची वेळ येते तेव्हा तिला पटलं. मग कीर्तीनं तिच्या मोज्याला आतनं विणलेल्या सुती पट्ट्या लावल्या आणि बारीक भोकं पाडली. आज तो घातला आणि दोन तास हात जागचा हलला नाही. सगळे टाळ्या वाजवत होते. त्या आनंदात माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आता फुगडी घालू का?"

कीर्ती म्हणाली, "फुगडी?" योके म्हणाली, "फूक्डी?" तिला समजावून सांगण्यापेक्षा मी तिचे हात धरले. उलटे, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. पायाला पाय लावले आणि घेतली गिरकी. एक, दोन, तीन... आणि माझी डावी बोटं फाट्कन उघडली! योके गेली ती थेट थर्मोकोलच्या खोक्यांत. नुसते पाय वर दिसत होते. मी भिंतीला. कीर्तीचा चेहरा पांढराफटक.

योके खोक्यांतनं बाहेर आली ती हसतच. केसांत थर्मोकोलचे दाणे. पण मला हसू येईना. कीर्तीनं सांगितलं की हात मुद्दामच तसा बनवलाय. जोराची ओढ बसली की बोटं आपोआप सुटतात, म्हणजे घालणाऱ्याला इजा होऊ नये. बसचा दांडा धरलाय आणि बस हलली, तर हात सुटावा, खांदा निखळू नये.

"बाटली, किल्ली, अंडं, सगळं धरून बघितलं आम्ही," ती म्हणाली. "पण समोरून कुणी हात धरेल, हे कुणाच्या डोक्यातच नाही आलं ताई."

त्यांच्या प्रयोगशाळेच्या सरांनी फुगडीबिगडी नको म्हणून सांगितलंय.

२० जुलै, रविवार

दिवसभर भांडी आपटली. मंगेश म्हणाले, "निशा, फुगडीच ना? जाऊ दे की." म्हटलं, तुमची बंदूक काढून घेते आणि म्हणते, बंदूकच ना? ते बाहेर जाऊन बसले.

जाऊ दे कसं? भाकरी मी एका हातानंही थापते, वेडीवाकडी का होईना. वेणी मंगेश घालतात. पण माझ्याशी दोन्ही हात धरून कुणी खेळेल, एवढ्या जोरात मागं झुकेल, मी सोडणार नाही असं धरून चालेल, असं चार वर्षांत कुणी केलेलं नाही. सगळे मला काचेचं भांडं धरावं तसं धरतात. मला तेच नकोय.

आत्या सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "सुटला म्हंजे तुझ्या हातातनं सुटला, का तिच्या?"

"माझ्या."

"हं," म्हणाल्या आणि लसूण सोलायला बसल्या. मायेनं विचारतील असं वाटलं होतं.

२७ जुलै, रविवार

आज इथली तीज, बायांचा सण. शेजारच्या वल्लरीनं घेवर आणला, इथली पाकातली जाळीदार मिठाई. ती अमरावतीची, तिचे यजमानही मंगेशच्याच युनिटला. घेवर खाताना आत्यांनी तिला खोलीत नेलं, काय कुजबुज चालली होती कोण जाणे. माझ्याबद्दलच असणार.

पण बातमी वेगळीच आहे. कीर्तीचा फोन! ती आणि योके आठवडाभर त्या हाताला वाळूच्या पिशव्या लटकवून गरगर फिरवत होत्या. नेदरलँडचे लोक व्हिडिओवर बघत होते. त्यांनी हिशेब करून किती ओढ बसते ते काढलं आणि हाताला एक नवी रीत शिकवली. एकदा कुलूप लावलं की कितीही ओढा, बोटं सुटत नाहीत. ओढ खांद्यावरनं बांधायच्या नव्या पट्ट्यावर जाते. मी उघडायचा इशारा लांबवला तरच उघडणार. आणि अडलंच तर मनगटापाशी एक बटण दिलंय, ते दाबायचं. सरांनी पण मान डोलावली. "पण समोर खेळणाऱ्याला आधी सगळं सांगायचं," या अटीवर. नेदरलँडच्या नोंदींत त्या रीतीचं नाव फुगडी असंच घातलंय म्हणे!

मी स्वयंपाकघरातच एक गिरकी घेतली.

शेवटी कीर्ती म्हणाली, "तुमच्या सासूबाईंचा फोन आला होता. रात्री हाताला थंडी वाजते का, विचारत होत्या." घ्या! चेष्टा करायला मीच सापडते सगळ्यांना.

४ ऑगस्ट, सोमवार

प्रश्न जोडीचा. कीर्तीला एका गिरकीत चक्कर येते. योके आहे, पण ती ताडाएवढी, तिच्याशी फुगडी म्हणजे विजेच्या खांबाला धरून फिरल्यासारखं. तरी तीच पक्की केली आहे.

मन घट्ट करून आत्यांना विचारलं होतं. त्यांच्या काळात त्या पंचक्रोशीत नावाजलेल्या होत्या, मंगेशनीच सांगितलं. तर म्हणाल्या, "नगं बाई. माझ्या हातनं काय इस्कटलं म्हंजे?" लाखाची वस्तू मोडेल ही काळजी! सुनेची नाही, वस्तूची.

आणि गुडघे दुखतात म्हणणाऱ्या बाईच्या खोलीतनं रोज दुपारी दार लावून धप धप आवाज येतो. विचारलं तर म्हणे, "यायाम." व्यायाम करायला गुडघे बरे असतात.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज सापडल्या!

गच्चीवर कपडे काढायला गेले, तर आत्या आणि वल्लरी फुगडी खेळत होत्या. सासूबाई, बासष्ट वर्षांच्या, पदर खोचून, भिंगरीगत! वल्लरीच्या डाव्या हातात लाटणं होतं आणि आत्या तिचा हात न धरता लाटणं धरून फिरत होत्या. ते लाटणं कशाला, देव जाणे. पोळ्या करता करता आली असेल ती.

मी तशीच मागं फिरले. वल्लरीशी चालते, माझ्याशी नको. माझ्या हाताची एवढी किळस येत असेल तर तसं तोंडावर सांगावं. दुपारी आत्यांशी बोललेच नाही. त्या दोनदा विचारून गेल्या, "जेवलीस का?" मी हूं म्हटलं.

१७ ऑगस्ट, रविवार

संध्याकाळ आहे, पाय ठणकतायत, आवाज बसलाय, पण आज लिहिल्याशिवाय उठणार नाही.

मंगळागौर रविवारी, कारण मंगळवारी निम्म्या बायांना ऑफिस असतं. सकाळी मी साडी नेसून तयार झाले, तर आत्या हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. उजव्या हातात भरल्या. मग खाली बसल्या आणि डावा हात मांडीवर घेतला. पहिल्यांदा! बोटं हळूच एकत्र केली आणि एकेक बांगडी चढवली, लहान मुलीला भरावी तशी, फुंकर घालत. पट्टी दंडावर हलकेच गुरगुरत होती.

"एका हातात चुडा आन् एक हात बोडका, बरं दिसतंय व्हय?" म्हणाल्या.

लोक काय म्हणतील याचीच काळजी! पण बांगड्या शोभल्या, खोटं कशाला बोलू.

मानसरोवरच्या हॉलमध्ये ही गर्दी. योके नऊवारीत आली होती, तिच्या उंचीला नऊ वार कुठले पुरतात, पोटऱ्या उघड्या. बायांनी तिला डोक्यावर घेतलं. झिम्मा झाला, पिंगा झाला. मग फुगड्या सुरू झाल्या. मी उठले. योके पुढं आली.

तेवढ्यात आत्या उठल्या. योकेला म्हणाल्या, "तू सर गं बाई, तुझ्यासंगट ती लोंबकळंल," आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हात उलटे केले, पुढं केले.

"आत्या, कुलूप लागलं की सुटायचं नाही हं."

"कीर्तीनं समदं सांगितलंय मला. लाव."

कीर्तीनं? कधी? विचारायला वेळच नव्हता. त्यांनी माझा डावा हात धरला, मी बोटं मिटली, टक्कन कुलूप लागलं. पायाला पाय. आत्या मागं झुकल्या, अशा झुकल्या की मी सोडलं असतं तर पाठीवर आपटल्या असत्या. आणि फिरलो!

आई गं! हॉल फिरला, तोरण फिरलं, मंगेश दाराशी उभे होते ते चारदा दिसले. बांगड्यांचा नुसता खळखळाट. पट्टी दंडावर अशी गुरगुरत होती की मला हसू आवरेना. आत्या तोंडानं पकवा घालत होत्या, ठेक्यात फू फू चाललेलं, धाप लागली तरी थांबेनात. कुणीतरी ओरडलं, "आजी, बास!" त्या म्हणाल्या, "बास कुणाला म्हंतीस!" शेवटी दोघी एकदमच खाली बसलो. मी हसत होते की रडत होते, मलाच माहीत नाही. योके बाकावर चढून टाळ्या पिटत होती.

उजवे हात सुटले. डावे सुटेनात.

मी उघडायचा इशारा दिला. काही नाही. पुन्हा दिला. घामानं खोबणी निथळत होती, इशारा पोचतच नव्हता. कीर्ती धावत आली, "बटण दाबा, मनगटापाशी!" बघते तर बटणावर आत्यांनी भरलेला चुडा गच्च बसलेला. सरकवायला जागा नाही, काढायला वाट नाही, हात हातात अडकलेला.

"एकच बांगडी फोडली तरी..." कीर्ती म्हणाली. तिच्या तोंडातनं शब्द पुरता निघतो न निघतो तोच सगळ्या बाया किंचाळल्या. मंगळागौरीला बांगडी फोडायची? बिचारी चार पावलं मागं सरली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही खीळ काढून तुमचा हात मोकळा करा. हा आजींच्या हातात राहू द्या थोडा वेळ."

"असा काडून ठिवायचा न्हाई," आत्या म्हणाल्या. "तिचा हात हाय तो. मला कुटं गाडी पकडायची हाय?"

मग आम्हाला पंख्याखाली नेऊन बसवलं. घाम वाळेपर्यंत थांबायचं ठरलं. योके हाताचे फोटो काढून नेदरलँडला पाठवत होती, बांगड्यांसाठी बटणाची जागा बदला म्हणून. दोघींत एक ताट आलं, पुरी आणि मटकीची उसळ. आमचे डावे हात मध्ये, ताटाशेजारी. आत्यांनी पहिला घास माझ्या तोंडात घातला. मंडळातल्या बाया येऊन बघून जात होत्या, कुणी कुंकू लावलं, तर आत्यांनी त्या हातालाही लावायला लावलं.

मी म्हटलं, "आत्या, तुमच्या हाताला कळ लागली असेल."

"जेव गप," म्हणाल्या.

अर्धी पुरी झाली असेल, मी सहज इशारा देऊन बघितला आणि बोटं उघडली. एकेक, सावकाश, पूर्ण. कीर्ती टाळ्या वाजवत ओरडली, "आजी, सुटला! सुटला हात!"

पण दंडावरची पट्टी गुरगुरतच होती. मला वाटलं बिघडली. मी खाली बघितलं.

"कळलं मला," आत्या कीर्तीला म्हणाल्या. त्यांनी माझा हात धरलेलाच होता, आणि उजव्या हातानं त्या पुढचा घास मोडत होत्या.